गोल्फच्या रेंजवर घाम गाळूनही स्कोअर हलत नाही? सरावाचा क्रम असा लावा

शनिवारी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, शंभर बॉल, त्यातले साठ ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारणारा क्लब). रविवारी पहिल्या टीवर (होल जिथून सुरू होतो ती जागा) घाई, अठराव्या होलवर वैताग, आणि स्कोअर गेल्या वर्षी होता तिथेच. राउंडला ९५ ते ११५ फटक्यांच्या मध्ये अडकलेल्या आणि आठवड्याला एक राउंड, फार तर दोन-अडीच तास सराव जमणाऱ्या खेळाडूंसाठी हा लेख आहे. ज्यांची ग्रिपच (क्लबवरची पकड) अजून बसलेली नाही त्यांनी आधी प्रशिक्षकाकडे जावं. ग्रिप वाचून सुधारत नाही.

खालच्या टप्प्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक जण थेट चौथ्यापासून सुरू करतात, पाचवा गाळतात आणि पहिला कधी करतच नाहीत.

टप्पा १: आधी मोजा

तीन राउंड काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. स्कोअरकार्डवर रिकाम्या ओळी असतात, तिथे चार रकाने करा:

- ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) किती पट, म्हणजे घरंगळते फटके, लागले
- दंडाचे फटके किती, आणि कुठे
- ग्रीनपासून ५० यार्डांच्या आत आल्यावर बॉल होलमध्ये जायला किती फटके लागले
- मनात शंका असताना मारलेला शॉट, प्रत्येकी एक टिंब

चौथा रकाना लोकांना फालतू वाटतो, पण सगळ्यात जास्त तोच शिकवतो. "सात नंबरचा क्लब की आठ?" हे ठरायच्या आधीच स्विंग सुरू झाला, तर टिंब द्यायचं. शॉट चांगला लागला तरी द्यायचं.

समजा तुमचा स्कोअर १०२ आला. पट ३९, त्यांत पाच वेळा थ्री-पट. दोन बॉल ओबी (हद्दीबाहेर), म्हणजे दंड आणि परत तिथूनच मारणं धरून चार फटके. एक पाण्यात. ग्रीनच्या कडेला डफ (क्लब आधी जमिनीला) किंवा टॉप (क्लब बॉलच्या वरच्या भागाला) झालेल्या पाच चिप, म्हणजे आखूड फटके. पाच, चार, एक आणि पाच मिळून पंधरा फटके. यातल्या निम्म्याहून जास्त गळतीला स्विंगची सुंदरता कारणीभूत नाही, आणि तुमचा शनिवार मात्र तिच्यातच जातो.

सावधान: फ्रिंजवरून (ग्रीनच्या काठावरून) पटरने मारलेला फटका पट म्हणून मोजू नका. बॉल ग्रीनवर असेल तरच तो पट. नाहीतर आकडा फुगतो आणि दोष चुकीच्या जागी दिसतो.

तपासणी: तीन कार्डं शेजारी ठेवा. चारपैकी कोणता रकाना सगळ्यात जड आहे हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर नोंद होल संपल्या संपल्या न करता क्लबहाउसमध्ये चहा पिताना आठवून केली आहे. पुन्हा करा.

टप्पा २: तीन फूट, आणि मग एकदम लांब

प्रॅक्टिस ग्रीनवर गेल्यावर माणूस तीन बॉल टाकतो, पंधरा फुटांवरच्या होलकडे मारत बसतो आणि दहा मिनिटांनी निघतो. पंधरा फूट हे सरावासाठी सगळ्यात निरुपयोगी अंतर आहे. तिथून व्यावसायिकांचेही बहुतेक पट हुकतात. त्यांचंच प्रमाण आठ फुटांवर साधारण निम्म्यावर येतं. तुम्ही तिथे चुकत राहिलात तर शिकता एकच गोष्ट, चुकण्याची सवय.

गणित साधं आहे. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे मधोमधपासून कडेपर्यंत दोन इंचांहून थोडं जास्त. बॉल एक अंश वाकडा निघाला तर दहा फुटांवर तो सुमारे दोन इंच सरकतो, म्हणजे होलच्या ओठावर. तीच चूक तीन फुटांवर जेमतेम पाऊण इंचाच्या आत राहते. सपाट ग्रीनवर, बेताच्या गतीने, तीन अंशांची चूकही तीन फुटांवर खपून जाते. म्हणून तीन फुटांवरून हुकणारा पट बहुधा हाताने हुकत नाही. डोकं लवकर वर आलं, किंवा "हा तर जाणारच" म्हणत उरकला, म्हणून हुकतो.

करायचं असं:

१. दोन टी (बॉल ठेवायच्या खुंट्या) जमिनीत खोचा, मधून पटरचं डोकं जेमतेम जाईल इतक्या अंतरावर. या फाटकातून दहा स्ट्रोक. टीला धक्का लागला की तो मोजायचा नाही.

२. टी काढा. होलभोवती घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊ वाजता तीन फुटांवर एकेक बॉल ठेवा. तीन फेऱ्या, म्हणजे सलग बारा पट. एक हुकला की पहिल्यापासून. अकराव्या पटला हात थोडे थरथरतात. तो थरथराटच हवा आहे, कारण रविवारी सतराव्या होलवर तोच भेटणार असतो.

३. नजर बॉलच्या मागच्या बाजूच्या एका ठिपक्यावर दोन सेकंद स्थिर ठेवा, मग स्ट्रोक. बॉल निघून गेल्यावरही क्षणभर गवतावरच राहू द्या. बॉल पडला की नाही ते कानाने ऐका. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेवर बरंच संशोधन केलं. चांगले पट करणाऱ्यांची नजर शेवटच्या क्षणी अशीच एका जागी थांबलेली आढळते.

यानंतर थेट वीस, तीस, चाळीस फूट. एकच बॉल, दर वेळी वेगळं अंतर. होल करायचा विचार सोडा, बॉल होलपासून तीन फुटांच्या वर्तुळात थांबला की झालं. प्रॅक्टिस स्ट्रोक घेताना होलकडे बघत घ्या, बॉलकडे नको. अंतर डोळ्यांनी कळतं.

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रीन्सवर बर्म्युडा जातीचं गवत असतं आणि त्याची पाती एका दिशेला झुकलेली असतात. पट करण्याच्या दिशेने बघताना गवत चकचकीत फिकट दिसलं तर पाती होलकडे झुकलेली आहेत, बॉल पळेल. गडद दिसलं तर अडेल. सकाळच्या दवात आणि पावसाळ्यात सगळंच मंदावतं. राउंडआधीची पाच मिनिटं लांबच्या पटांना द्यायची ती याचसाठी.

ग्रीनवर जाणं जमत नसेल तर घरची फरशी चालते. दोन फुटी टाइल्स असतील तर दीड टाइल म्हणजे तीन फूट, आणि टाइलचा सांधा ही आयती सरळ रेघ. बॉल सांध्यावरून गेला पाहिजे. गतीचा अंदाज मात्र फरशीवर घेऊ नका, तिथे सगळंच सुसाट जातं.

टप्पा ३: चिप, आणि उचलायचा मोह

बॉल ग्रीनच्या कडेला दोन पावलांवर आहे, मध्ये ना बंकर (वाळूचा खड्डा) ना पाणी, तरी हात सँड वेजकडे (बॉल उंच उडवणारा क्लब) जातो. टीव्हीवर बघितलेला उंच, मऊ शॉट मारायचा असतो. निकाल दोनपैकी एक: क्लब जमिनीत रुततो नाहीतर बॉल ग्रीनच्या पलीकडे.

नियम एकच: बॉल जितक्या लवकर जमिनीवर घरंगळायला लागेल तितकं बरं. त्यासाठी बाराचं गणित वापरा. बारातून क्लबचा नंबर वजा करा. उत्तर येईल तितके भाग बॉल घरंगळतो आणि एक भाग हवेत जातो. नऊ नंबरला तीन, आठला चार, सातला पाच. पिचिंग वेजला दहा धरा, उत्तर दोन. मध्यम गतीच्या सपाट ग्रीनसाठी हे चांगलं लागू पडतं. चढ असेल किंवा ग्रीन ओलं असेल तर घरंगळणं कमी धरा, उतार असेल तर जास्त.

उदाहरण घेऊ. बॉलपासून फ्लॅग बारा पावलं, ग्रीनची कड दोन पावलं. बॉल ग्रीनवर एक पाऊल आत पडावा, म्हणजे हवेत तीन पावलं आणि घरंगळत नऊ. प्रमाण एकास तीन, क्लब नऊ नंबर. हे गणित बॉलच्या मागे उभं राहून, पावलं मोजून करायचं. उभं राहायची पद्धत अशी: पाय जवळजवळ, वजन थोडं पुढच्या पायावर, बॉल मध्यापासून किंचित मागे, हात बॉलच्या जरा पुढे. मनगट न मोडता पटसारखा स्ट्रोक. बॉल उचलायचं काम क्लबच्या कोनाचं आहे, तुम्ही त्याला मदत करायला गेलात की टॉप झालाच.

सराव करताना जिथे बॉल पडायला हवा तिथे हातरुमाल पसरा. फ्लॅगकडे बघणं बंद, रुमालाकडे बघा. दहा बॉल पाठमोरे होऊन मागे फेका आणि जिथे पडले तिथूनच मारा. पायाने सरकवून बरं गवत शोधायचं नाही. कोर्सवर ती मुभा नसते (पावसाळ्यात स्थानिक नियम लागू केला नसेल तर).

तपासणी: दहापैकी किती बॉल रुमालावर किंवा त्याच्या एका पावलात पडले, एवढंच मोजा. होलजवळ किती थांबले ते नंतर. सहा जमले की क्लब बदला.

टप्पा ४: रेंजवर कमी बॉल मारा

रेंजवर तोच क्लब, तेच लक्ष्य, दर दहा सेकंदांनी एक बॉल. पंधराव्या बॉलपर्यंत शरीराला लय सापडते आणि वाटतं, आलं. कोर्सवर मात्र एकाच जागेवरून सलग दोनदा तोच क्लब मारायची वेळ आली तर त्याचा अर्थ बहुतेक ओबी असा असतो. लय आणि शिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. क्लब आणि लक्ष्य बदलत केलेला सराव त्या दिवशी वाईट दिसतो पण टिकतो.

पन्नास बॉल घ्या, शंभर नको. पहिले दहा वेजने, अर्ध्या स्विंगने, फक्त अंग मोकळं करायला. पुढचे वीस एकाच तांत्रिक गोष्टीवर, जी प्रशिक्षकाने सांगितली आहे तीच. मित्राने सांगितलेली आणि काल रात्री व्हिडिओत बघितलेली, अशा तीन गोष्टी एकत्र करू नका. उरलेल्या वीस बॉलमध्ये तुमचा कोर्स खेळा. येरवडा असो की चेंबूर, पहिला होल डोळ्यांसमोर आणा: ड्रायव्हर, मग उरलेल्या अंतराचा आयर्न (नंबरवाला क्लब), मग वेज. दर शॉटला नवं लक्ष्य आणि पुढच्या टप्प्यातलं पूर्ण रूटीन. वीस बॉलमध्ये सहा-सात होल होतात.

मॅटवर सराव करणाऱ्यांनी एक ओळखून असावं. मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या मागे आदळला तरी रबरावरून घसरून पुढे जातो आणि शॉट बरा दिसतो. तोच शॉट मातीत रुतला असता. बॉलच्या मागे चार-पाच इंचांवर पातळ टॉवेल ठेवा. टॉवेल हलला तर शॉट फॅट (बॉलच्या आधी जमिनीला लागलेला), मग बॉल कितीही लांब जावो.

अंतरांची यादीही इथेच बनते. प्रत्येक क्लबने दहा बॉल मारा. सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात आखूड दोन सोडून द्या, उरलेल्यांचा मध्य हे तुमचं अंतर. रेंजचे जुने बॉल कमी जातात, तेही लक्षात घ्या. एकदा लागलेले १५० यार्ड म्हणजे तुमचा सात नंबर नव्हे.

सावधान: बहुतेक उजवे खेळाडू नकळत लक्ष्याच्या उजवीकडे उभे राहतात आणि मग स्विंगने बॉल डावीकडे ओढतात. पायांसमोर एक क्लब जमिनीवर आडवा ठेवून दिशा तपासा. उभं राहणं चुकलं असेल तर स्विंग दुरुस्त करण्यात काही अर्थ नाही.

टप्पा ५: विचार मागे, शॉट पुढे

सगळ्यात जास्त फटके इथे वाचतात. पिया निल्सन आणि लिन मॅरियट या प्रशिक्षिका बॉलच्या मागे एक काल्पनिक रेघ आखायला लावतात. रेघेच्या मागे विचार करायचा, पुढे फक्त मारायचं. निल्सन यांच्या तालमीत तयार झालेल्या अनिका सोरेनस्टॅमने २००१ साली एलपीजीए (महिला व्यावसायिकांच्या) स्पर्धेत ५९ चा राउंड खेळून दाखवला.

रेघेच्या मागे:

१. बॉल कसा पडलाय ते बघा. अंतराच्या आधी हे. रफमध्ये (लांब गवतात) खोल बसलेला बॉल असेल तर अंतर मोजून फायदा नाही.

२. अंतर, वारा, आणि कुठे चुकलं तर परवडेल. फ्लॅग उजवीकडे असून त्याच्या बाजूला बंकर असेल तर ग्रीनचा मध्य.

३. निर्णय मनातल्या मनात पूर्ण वाक्यात: "आठ नंबर, मागच्या झाडाच्या डाव्या फांदीवर." "पाण्यात नको" हा निर्णय होत नाही. त्यात क्लबही नाही आणि लक्ष्यही नाही.

४. हवा तसा एक सराव स्विंग आणि एक लांब उच्छ्वास.

आता रेघ ओलांडा. आधी क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) लक्ष्याकडे, मग पाय. एकदा लक्ष्याकडे बघा, बॉलकडे या, मारा. रेघ ओलांडल्यापासून आठ-दहा सेकंद पुरेत. नियमांनुसार शॉटसाठी ४० सेकंदांची शिफारस आहे, त्यात हे सगळं आरामात बसतं.

बॉलजवळ उभं असताना "सातच घ्यायला हवा होता" असं मनात आलं तर मागे या. लाज वाटते, मागची मंडळी बघत असतात, तरी या. कार्डावरचं टिंब वाचतं ते इथेच.

कॅडीचाही (बॅग घेऊन सोबत चालणारा) यात वाटा आहे. तुम्ही बॉलवर उभे, क्लब मागे न्यायच्या बेतात, आणि मागून आवाज येतो: "साहेब, हवा समोरून आहे हां." त्याचं म्हणणं बरोबर असतं, वेळ चुकलेली असते. पहिल्या टीवरच त्याला सांगून ठेवा: "दादा, काय सांगायचं ते मी मागे उभा असताना सांगा, बॉलजवळ गेलो की काही नको." पटची लाइनही त्याच्याकडून एकदाच घ्या. स्वतःची आणि त्याची लाइन जुळत नसेल तर बॉलजवळ उभं राहण्याआधीच एक निवडा. दोन्हींचा मध्य काढून मारलेला पट कोणाच्याच लाइनवर जात नाही.

तपासणी: घरच्या कोणाला तरी रेंजवरचे पाच शॉट मोबाइलवर काढायला सांगा. पाचही वेळा पावलं, बघणं आणि वेळ सारखीच दिसली पाहिजेत. तिसऱ्यात पाय आधी आणि फेस नंतर आला असेल, तर रूटीन अजून बसलेलं नाही.

टप्पा ६: कोर्सवर तुमचा स्वतःचा पार

पार (कोर्ससाठी ठरलेले फटके) ७२ हा तुमचा पार नाही. कोर्स हॅंडिकॅप (सवलतीचे फटके) २४ असेल तर प्रत्येक होलवर एक आणि स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते ६ या होलवर आणखी एक फटका मिळतो. टी-ऑफच्या आधी कार्डावर पेन्सिलने स्वतःचा पार लिहा. बेरीज ९६. इंडेक्स १ च्या पार-४ वर तुमचा पार सहा आहे. तिथे तीनशे यार्डांचं स्वप्न बघत ड्रायव्हर काढायची गरज राहत नाही, तीन सरळ शॉट आणि तीन पट पुरतात.

वर्ल्ड हॅंडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० पैकी सर्वोत्तम ८ राउंड धरतात, आणि एका होलचा हिशोबात घेतला जाणारा स्कोअर नेट डबल बोगीवर (स्वतःच्या पारपेक्षा दोन जास्त) थांबतो. मेडल राउंडमध्ये (एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत) होल पुरा करावाच लागतो, पण सातव्यावरच्या ११ ने महिनाभराची मेहनत बुडत नाही.

झाडीत बॉल गेला की दोन झाडांमधल्या फटीतून ग्रीन दिसतं. तिकडे बघू नका. आडवा मारून फेअरवेवर (मधल्या कापलेल्या पट्ट्यावर) या. फांद्यांत अडकला असेल तर अनप्लेएबल (बॉल खेळता येत नाही असं जाहीर करून) घ्या. एक फटका दंड आणि तीन पर्याय: आधीच्या जागेवरून पुन्हा, होल आणि बॉलच्या रेषेत मागे, किंवा दोन क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता. झुडपात तीन वेळा हाणण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. बॉल हरवल्याची शंका असेल तर पुढे जायच्या आधीच "प्रोव्हिजनल (राखीव बॉल) खेळतोय" असं स्पष्ट बोलून दुसरा मारा. शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पाच मिनिटांचा जुना नियम २०१९ पासून गेला.

पावसाळ्यात फेअरवेवर किंवा रफमध्ये बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर दंडाशिवाय उचलून ड्रॉप घेता येतो. बंकरमध्ये ही सवलत नाही. अनेक जण हे माहीत नसल्याने चिखल हाणत बसतात.

वाईट शॉटनंतर चिडायला मुदत द्या: क्लब बॅगेत परत जाईपर्यंत. नंतरच्या चालीत बॉल सोडून दुसरंच काही बोला. पुढच्या रेघेपर्यंत गोल्फ बंद. पुण्यात जन्मलेला गोल्फर अनिर्बान लाहिरी विपश्यनेबद्दल मुलाखतींत बोलला आहे. आपल्याला निदान दोन श्वास मोजण्याइतकं जमावं. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं. ड्रायव्हरच्या अंतरात ती जवळजवळ सगळ्यांच्या मागे होती, पटिंगच्या जोरावर स्पर्धेत चौथी आली.

सावधान: नऊ होल झाल्यावर बेरीज करू नका. "आता ४५ मध्ये आलो तर" हा विचार दहाव्या टीवर ड्रायव्हर हातात देतो.

टप्पा ७: आठवड्याची विभागणी आणि पुन्हा मोजणी

दोन तास असतील तर पन्नास मिनिटं पट, तीस मिनिटं चिप, चाळीस मिनिटं रेंज. बुधवारी घरी फरशीवर दहा मिनिटं. एवढंच.

सहा आठवड्यांनी पुन्हा तीन कार्डं, तेच चार रकाने. पट आणि चिपचे आकडे आधी हलतात, टिंबं त्यांच्या मागोमाग. एकूण स्कोअर सगळ्यात शेवटी हलतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात त्याच्याकडे बघून सराव बदलू नका. दंडाचा रकाना तीन महिन्यांनीही तसाच जड असेल तर तो मात्र स्विंगचा किंवा क्लबच्या निवडीचा प्रश्न आहे. प्रशिक्षकाची वेळ घ्या. जाताना कार्डं घेऊन जा, टीवरचे चुकलेले शॉट उजवीकडे जास्त गेले की डावीकडे ते लिहून न्या, आणि एकाच दोषावर काम करायचं आहे असं त्यांना आधीच सांगा.